राखेच्या बुधवारचे वाचन

ईस्टरआधीच्या ख्रिस्ती उपवासकाळावरील आपला लेख वाचला. आहाराच्या नियमांवर एवढे लिहून दिखाऊपणाला एकच ओळ दिली, हे खटकले. राखेच्या बुधवारी, म्हणजे या काळाच्या पहिल्या दिवशी, कपाळाला राख लागते, त्याच मिस्सेत (चर्चमधल्या उपासनेत) बायबलमधील मत्तयच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय वाचतात: उपवास कराल तेव्हा तोंड धुवा, लोकांना दिसू देऊ नका. दोनच दिवसांनी, शुक्रवारी, बायबलमधीलच यशया संदेष्ट्याच्या ग्रंथाचा 58वा अध्याय येतो. उपवासाच्या दिवशी मजुरांना पिळणाऱ्यांना तो थेट जाब विचारतो. गेल्या वर्षी आमच्या आळीत एका घराने राख लावलेल्या कपाळांचा फोटो स्टेटसला ठेवला. त्यांच्या वाडीत राबणारी बाई त्याच संध्याकाळी थकलेल्या मजुरीसाठी ओट्यावर ताटकळत होती. मटण सोडण्याआधी तिचे पैसे चुकते करा, हे प्रवचनात स्पष्ट सांगितले जावे.

एक वाचक, वसई