गाणी की गाणं

प्रिय शुभे,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी दांडिया बाजारात स्कूटर लावायला जागा शोधत होते, म्हणून धड बोलले नाही, राग मानू नकोस. तू म्हणालीस ना, समूहगानवाल्यांना सरगम शिकवून काय मिळणार, चार गाणी बसव आणि मोकळी हो, तर त्याचं उत्तर मला गणपतीतच मिळालं होतं.

झालं काय, मंडळाच्या स्टेजवर आम्ही बावीस जण, साथीला कीबोर्ड आणि तबला. पहिल्या अंतऱ्याला लाईट गेली, कीबोर्ड मुका. पण आमची मंडळी थांबली नाहीत, तबल्यावर दोन अंतरे दणक्यात गायली, टाळ्या पडल्या, मी पण फुशारले. मग लाईट आली, कीबोर्डवाल्या पोराने सूर धरला आणि आम्ही त्याच्या जवळजवळ अर्धा स्वर खाली! लोक हसले नाहीत हो, बडोद्याचे लोक सभ्य आहेत, पण पुढच्या रांगेतल्या एका आजोबांनी कान झाकला ते मी बघितलं.

घरी येऊन विचार केला तर चूक माझीच. दोन वर्षं मी त्यांना कीबोर्डच्या मागे मागे गायला शिकवलं, स्वतःचा सा धरायला नाही. सूर एकदम पडत नाही, अवरोहात प्रत्येक पायरी जराशी जास्त खाली पडते, श्वास संपत आला की अजून थोडी, शेजारीण उतरली की आपणही तिच्याबरोबर, आणि बावीस जण एकत्र उतरले की कोणालाच कळत नाही.

तर गणपतीनंतर कीबोर्ड बंद. फोनवर तानपुरा लावायचा आणि दहा मिनिटं नुसता सा, तोंड मिटून, आणि आवाज एवढाच की शेजारचा ऐकू आला पाहिजे. पहिले दोन आठवडे कुरकुर, दोघीजणी तर यायच्याच थांबल्या. मग गंधार. तू तानपुऱ्यात गंधार ऐकायला लावायचीस आठवतं? खर्जाच्या, म्हणजे खालच्या सा च्या जाड तारेत आपोआप बोलतो तो. कीबोर्डचा ग त्याच्यापेक्षा किंचित चढा असतो, अर्ध्या स्वराचे १०० भाग केले तर साधारण १४ भागांनी. एवढ्याशा फरकाला काय कळणार असं मला वाटलं होतं, पण तानपुऱ्यावर पुरुषांनी सा आणि बायकांनी तो ग धरला आणि हॉल एकदम वेगळाच वाजायला लागला, सगळे गायचे थांबून एकमेकांकडे बघायला लागले.

हाताच्या खुणांनी स्वर दाखवायच्या पद्धतीवर मात्र आधी माझा पण विश्वास नव्हता. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात जॉन कर्वेन नावाच्या संगीतशिक्षकांनी त्या खुणा चर्चमधल्या गाणाऱ्यांसाठी बसवल्या, पुढे हंगेरीत संगीतकार कोदाय यांच्या पद्धतीत शाळेतल्या पोरांना शिकवल्या. मूठ म्हणजे सा, आडवा तळवा ग, स्वतःकडे वळवलेला उभा तळवा प. मी न बोलता हात दाखवते, ते गातात. मग मुठीवरून थेट उभ्या तळव्यावर उडी, मधले रे ग म मनातच म्हणायचे आणि प मोठ्याने. इथे खरी गंमत! आमचे एक निवृत्त बँकवाले काका गाण्याच्या वहीशिवाय तोंड उघडायचे नाहीत, ते डोळे मिटून बिनचूक प ला उतरले आणि स्वतःच दचकले.

पलटेही, म्हणजे सारेग, रेगम अशा सरावाच्या स्वरमालिका, दोन गटांत घेते, दुसरा गट दोन मात्रा उशिरा सुरू होतो. पण फक्त भूप रागात. त्यात अर्ध्या स्वराचं अंतरच नाही, त्यामुळे एकमेकांवर आदळलं तरी कानाला बोचत नाही, धीर येतो. श्वासाचं पण ठरवलंय, शेजारणीने घेतला की आपण घ्यायचा नाही, नाहीतर ओळ मधेच तुटते.

स्वरलिपी, म्हणजे स्वर लिहायची-वाचायची पद्धत, हळूहळू चाललीय. कोमल स्वराची खालची रेघ आणि मंद्र, म्हणजे खालच्या सप्तकातल्या स्वराचा खालचा टिंब यात अजून गोंधळ होतो. सुरसागर तलावासमोरच्या संगीत कॉलेजवरून जाताना मला दर वेळी लाज वाटते बघ, ज्या गावात गायक मौलाबक्षांनी १८८६ साली गायनशाळा काढली, भातखंड्यांनी १९१६ साली संगीत परिषद भरवली, त्या गावात मी दोन वर्षं लोकांना पोपटासारखं गायला लावलं.

अडलंय ते पुरुषांच्या पट्टीपाशी, म्हणजे सा पेटीच्या कोणत्या पट्टीवर धरायचा तिथे. बायका काळी चार-पाचला सुखात, हे सात जण काळी एकला, मधलं काही धरलं की दोन्हीकडून तोंडं वाकडी. तू तुझ्या ग्रुपला काय करतेस? आणि तुझी ती पलट्यांची जुनी वही, कडा फाटलेली, तिचे फोटो पाठव. आख्खी. डिसेंबरला आलीस तर शुक्रवारी ये, प्रॅक्टिस सहाला असते, नंतर शेव उसळ माझ्याकडून.

तुझी,
मंजू