ड्रॉइंग पाठवताना त्याला जोडलेल्या फाइल्सपण पाठवा

मा. संपादक,
स. न.

राजारामपुरीत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात मी 14 वर्षं ऑटोकॅडवर, म्हणजे कॉम्प्युटरवर नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरवर, ड्रॉइंग काढते. या विषयावर कधीपासून लिहायचं होतं, मागच्या महिन्यात साइटवर जे बघितलं त्यानंतर राहवेना म्हणून लिहितेय, आणि हे फक्त ड्राफ्ट्समन लोकांसाठी नाहीये, ज्यांनी आयुष्याची पुंजी घालून घर बांधायला काढलंय त्यांनीपण वाचावं.

राधानगरी रोडला एका रिटायर्ड शिक्षकांच्या बंगल्याचं काम चालू आहे. प्लॅन आमचा, आरसीसीचं, म्हणजे कॉलम-बीमचं, ड्रॉइंग दुसऱ्या ऑफिसचं. जेसीबीनं फुटिंगचे, म्हणजे कॉलमच्या पायाचे, खड्डे काढून झाले, दोन खड्ड्यांत पीसीसी, म्हणजे तळाचं साधं काँक्रीटपण पडलं, आणि मग मेस्त्रींनी आमच्या प्लॅनची प्रिंट हातात घेऊन टेप लावला आणि मला फोन केला, "मॅडम, हा सात नंबरचा कॉलम जेवणघराच्या दारातच येतोय की ओ." मी लगेच गाडी काढून गेले. फक्कीची रेघ अजून पुसली नव्हती, मापलं तर दीड फूट पश्चिमेला. जिन्याची भिंत आम्ही तीन आठवड्यांपूर्वी दीड फूट पूर्वेला सरकवलेली, सुधारलेली फाइल पाठवलेली, तरी आरसीसीचं ड्रॉइंग जुन्या प्लॅनवरच निघालं.

कसं झालं ते नंतर कळलं. आरसीसीवाल्यांच्या ड्रॉइंगला आमचा प्लॅन एक्सरेफ म्हणून, म्हणजे बाहेरची वेगळी फाइल म्हणून, जोडलेला होता. नवी फाइल व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरवली तेव्हा फोल्डरमध्ये त्याच नावाची जुनी फाइल आधीच होती, म्हणून कॉम्प्युटरनं नवीच्या नावामागं कंसात 1 लावला, आणि ड्रॉइंग आपलं जुन्या नावाची फाइलच उघडत राहिलं. जोडलेली फाइल बदलली तर ऑटोकॅड खाली उजव्या कोपऱ्यात तसं सांगतं, पण इथं जुनी फाइल बदललीच नव्हती ना, मग ते काय सांगणार. त्या गुरुजींचं जेसीबीचं भाडं, काँक्रीट आणि पाच दिवस गेले. ते काही बोलले नाहीत, खड्ड्याकडं बघत उभे राहिले फक्त, मला तेच जास्त लागलं.

एक्सरेफ वाईट आहे असं माझं म्हणणं अजिबात नाही, उलट फार कामाची सोय आहे ती, 1990 च्या रिलीज 11 पासून आहे. आमच्या सरांनी टेबलावर काम केलंय, ते प्लॅनवर ट्रेसिंग पेपर टाकून चारी कोपरे टेपनं चिकटवायचे आणि वरती ड्रेनेजची लाइन काढायचे. एक्सरेफ म्हणजे तेच. खालचा प्लॅन दिसतो, पण तो तुमच्या फाइलमध्ये नसतोच, फाइलमध्ये असतो फक्त त्याचा पत्ता. आमच्याकडच्या पोरांना नेमकं हेच कुणी सांगितलेलं नसतं. डी ड्राइव्ह, अमुक फोल्डर, तमुक फाइल असा पूर्ण पत्ता ठेवून एकटं ड्रॉइंग मेल केलं की समोरच्याच्या कॉम्प्युटरवर तो डी ड्राइव्ह नसतो, मग भिंतींच्या जागी फाइलच्या पत्त्याची एक ओळ तेवढी दिसते. मग "मॅडम फाइल कोरी आलीय" म्हणून फोन. 2018 च्या व्हर्जनपासून ऑटोकॅड आपणहून रिलेटिव्ह पाथ घेतं, म्हणजे पत्ता तुमच्या ड्रॉइंगच्या फोल्डरपासून मोजला जातो, त्यामुळे अख्खं फोल्डर जसंच्या तसं दिलं की सगळं दिसतं. जुनं व्हर्जन असेल तर ते स्वतः निवडायला लागतं. आणि ई-ट्रान्समिट नावाची कमांड आहे, ती ड्रॉइंग, जोडलेल्या फाइल्स, फोटो, फॉन्ट सगळं गोळा करून एक झिप करून देते, दोन मिनिटांचं काम आहे, तरी लोक करत नाहीत.

काही जण वैतागून सगळंच बाइंड करून टाकतात, म्हणजे जोडलेला प्लॅन कायमचा आपल्या फाइलमध्ये ओढून घेतात. काम संपल्यावर रेकॉर्डला ठेवायला ते ठीक आहे. पण काम चालू असताना बाइंड केलं की नाळच तुटते, आर्किटेक्टनं नंतर काहीही बदललं तरी तुमच्याकडं येत नाही, आणि प्रत्येक लेयरच्या (भिंती, दारं असे ड्रॉइंगचे वेगवेगळे थर) नावात डॉलर झीरो डॉलर घुसतं ते निस्तरत बसायचं वेगळंच. अ‍ॅटॅच आणि ओव्हरले या एक्सरेफ जोडायच्या दोन पद्धती, त्यातला फरकपण असाच कुणी शिकवत नाही. आरसीसीवाल्यानं आमचा प्लॅन अ‍ॅटॅच केला आणि प्लंबिंगवाल्यानं आरसीसीची फाइल आणि आमचा प्लॅन दोन्ही जोडले की प्लॅन दोनदा येतो, एकावर एक. आरसीसीवाल्यानं ओव्हरले केलं असतं तर दोनदा आला नसता, ओव्हरले केलेला प्लॅन पुढच्याच्या फाइलमध्ये जात नाही. युनिटचंही तेच, एक मीटरमध्ये काढतो, दुसरा मिलिमीटरमध्ये, फाइलमध्ये युनिट नीट लावलेलं नसेल तर घर हजारपट मोठं उघडतं, ते निदान लगेच दिसतं तरी. दीड फूट दिसत नाही.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत डिझाइनला असलेल्या मैत्रिणींकडंपण हीच रड आहे. तिथं सॉलिडवर्क्स या मशीनचे पार्ट काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये असेंब्लीची, म्हणजे सगळे पार्ट जोडलेली, फाइल एकटी येते आणि आतले पार्टच सापडत नाहीत, सगळ्या फाइल्स गोळा करून देणारं पॅक अँड गो केलेलं नसतं.

म्हणून माझी विनंती आहे, आयटीआय, पॉलिटेक्निक आणि खासगी क्लासवाल्यांनी एक्सरेफ एका तासात उरकू नये, दोन कॉम्प्युटरवर दोन मुलं बसवून एकमेकांना फाइली पाठवायला लावाव्यात, एकानं भिंत हलवायची आणि दुसऱ्याकडं ती हलली का ते बघायचं. ऑफिसांनी फाइलचं नाव तेच ठेवून जुनी फाइल तारखेच्या वेगळ्या फोल्डरमध्ये टाकावी, आणि झिपसोबत पीडीएफ द्यावी. घर बांधणाऱ्यांनी लाइनआउटच्या, म्हणजे जमिनीवर फक्कीनं आखणी करायच्या, आदल्या दिवशी दोन्ही ऑफिसांच्या प्रिंट शेजारी ठेवून मेस्त्रींकडून जिना आणि दारं तेवढी मापून घ्यावीत, त्यासाठी इंजिनिअर असायला लागत नाही.

कुठल्या क्लासला हे मुलांना दाखवायचं असेल तर रविवारी सकाळी मी यायला तयार आहे, पैसे नकोत, दोन कॉम्प्युटर शेजारी शेजारी असले म्हणजे झालं.

आपली,
एक ड्राफ्ट्समन, राजारामपुरी, कोल्हापूर