प्रकल्पांच्या कॉन्फिग फाइलचेही परीक्षण व्हावे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिकच्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतील विद्यार्थी अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी ठिबक सिंचनाचा पंप वेळापत्रकानुसार चालू-बंद करण्यासारखी ओपन सोर्स साधने तयार करतात आणि आपला कोड सर्वांसाठी खुला करतात, ही समाधानाची बाब आहे. मात्र परीक्षणाच्या वेळी कोड आणि प्रात्यक्षिक पाहिले जाते, साधनाची सेटिंग ज्यात लिहिलेली असते ती कॉन्फिग फाइल सहसा कोणी उघडत नाही. निफाड-दिंडोरीकडचा जो द्राक्ष बागायतदार असे साधन वापरायला घेईल, तो कोडला हात लावणार नाही. त्याचा संबंध येईल तो फक्त या सेटिंगच्या फाइलशी.

बरेच जण या फाइलसाठी यॅमल हे लिहिण्याचे स्वरूप निवडतात, कारण ते दिसायला सोपे आहे. पण यॅमलच्या १.१ आवृत्तीच्या नियमांनुसार शून्याने सुरू होणारा आणि आठ किंवा नऊ हे अंक नसलेला आकडा अवतरणचिन्हांशिवाय लिहिला, तर तो अष्टमान (दहाऐवजी आठवर आधारित) पद्धतीचा समजला जातो. त्यामुळे नाशिकचा एसटीडी कोड ०२५३ लिहिल्यावर प्रोग्रॅमच्या हाती १७१ पडतो. पंप सुरू करण्याची वेळ १८:३० अशी लिहिली, तर ती षष्टिमान (साठवर आधारित) संख्या मानली जाऊन तिचे १११० होतात. २००९ मधील १.२ आवृत्तीने हे नियम बदलले, तरी पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत यॅमल वाचण्यासाठी सर्रास वापरली जाणारी पाय-यॅमल लायब्ररी आजही जुन्याच नियमांनी चालते. याउलट २०१३ मध्ये सुरू झालेल्या टॉमल या दुसऱ्या स्वरूपात ०२५३ हा आकडा चूक म्हणून सरळ नाकारला जातो, आणि पायथनच्या ३.११ आवृत्तीपासून टॉमल वाचण्याची सोय भाषेतच अंतर्भूत आहे. जेसन या आणखी एका स्वरूपात टीप लिहिण्याची सोयच नसल्याने, माणसाने हाताने बदलायच्या फाइलसाठी ते मला योग्य वाटत नाही.

याहून गंभीर दोष आहे तो मुकाट्याने पुढे जाण्याचा. सेटिंगच्या नावात एक अक्षर चुकले की अनेक साधने ती ओळ सोडून देतात आणि डिफॉल्ट, म्हणजे आधीच ठरवून ठेवलेल्या, मूल्यावर चालत राहतात. वापरणाऱ्याला मात्र आपला बदल लागू झाला असेच वाटत असते. पोस्टग्रेस हा डेटाबेस अनोळखी नाव दिसताच सुरू होण्यास नकार देतो. एन्जिन-एक्स या वेब सर्व्हरमध्ये नवी फाइल लागू करण्यापूर्वी तपासून घेण्याचा स्वतंत्र आदेश आहे. कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनाची सेटिंग संपूर्ण संगणकासाठी, एका वापरकर्त्यासाठी आणि एका प्रकल्पासाठी अशी वेगवेगळ्या ठिकाणी असू शकते. म्हणूनच कोणते मूल्य कोणत्या फाइलमधून आले, हे दाखवण्याची सोय गिटने दिली आहे. ही सारी साधने ओपन सोर्स असल्याने त्यांच्याकडून हे शिकायला कोणतीही आडकाठी नाही.

पासवर्ड कॉन्फिग फाइलमध्ये ठेवून ती कोडबरोबर प्रसिद्ध करणे तर कटाक्षाने टाळले पाहिजे. नंतर ती ओळ खोडली तरी गिटच्या इतिहासात ती शिल्लक राहते.

प्रकल्प-मार्गदर्शकांना माझी विनंती आहे की, त्यांनी परीक्षणात या फाइलसाठी वेगळे गुण ठेवावेत. परीक्षकांनी एखाद्या सेटिंगचे नाव मुद्दाम चुकवून साधन चालवावे आणि ते ओळ क्रमांकासह स्पष्ट संदेश देते का, ते पाहावे. फाइलसोबत एक नमुना असावा आणि त्यात प्रत्येक सेटिंगशेजारी तिचे एकक, डिफॉल्ट मूल्य व चालणारी मर्यादा मराठीत लिहिलेली असावी. पंपाच्या वेळेपुढे मिनिटे अपेक्षित आहेत की सेकंद, हे बागायतदाराला कोड न वाचता कळले पाहिजे.

आपला,
एक संगणक व्यावसायिक, गंगापूर रोड, नाशिक