खंबाटकीखालच्या गॅरेजवाल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

त्या दिवशी गडबडीत तुमचं नाव विचारायचंच राहिलं, म्हणून हे असं सगळ्यांदेखत पत्र. खंबाटकी घाटाच्या चढावर इंजिन टकटक करत, मिस मारत (मधेच ठिणगी चुकवत) अडलेली १९७६ ची पांढरी ॲम्बेसेडर आठवतेय? तिचा ड्रायव्हर मी.

त्याआधी एका गॅरेजात कॉइल बदलून झाली होती, कार्ब्युरेटर धुऊन झाला होता. 'पॉइंट मी स्वतः फिलर लावून सेट केलेत, बरोबर १५ थाऊ,' असं मी तुम्हाला ठासून सांगितलं. म्हणजे डिस्ट्रिब्युटरमधली, उघडली की ठिणगी पाडणारी ती दोन टोकं; त्यांच्यातली फट मी मोजपट्टीच्या पात्यानं इंचाच्या पंधरा हजारांश ठेवली होती. तुम्ही नुसतं 'हं' म्हणालात आणि गाडी उतारानं खाली गॅरेजवर आणायला लावलीत.

पॉइंट किती अंश मिटलेले राहतात ते दाखवणाऱ्या ड्वेल मीटरचा काटा ४८ वर! हवा ६०, फार तर तीन इकडेतिकडे. मग तुम्ही पॉइंट सोडवून माझ्या तळहातावर ठेवलेत. एकावर खड्डा, दुसऱ्यावर खसखशीएवढा उंचवटा. फिलरची पाती त्या उंचवट्याला घासत होती आणि मी खूश. बाजूची खरी गॅप कितीतरी जास्त.

पॉइंट उघडणाऱ्या फिरत्या कॅमला चार कोपरे, एकेकाच्या वाट्याला ९० अंश, त्यातले ६० अंश पॉइंट मिटलेले हवेत, तेवढ्यात ठिणगीसाठी कॉइल भरते. हे तुम्ही चहाच्या बशीवर बोट फिरवून दाखवलंत. गॅप जास्त झाली की पॉइंट लवकर उघडतात, टायमिंग पुढे सरकतं, म्हणजे ठिणगी वेळेआधीच पडते, म्हणून चढावर टकटक. आणि रेस वाढली की कॉइल पुरती भरायच्या आतच ठिणगी, म्हणून मिस. 'आधी गॅप, मग टायमिंग. गॅप हलली की टायमिंग हललंच समज.' इतकी वर्षं मी ही दोन वेगळी कामं समजत होतो.

नवे पॉइंट पेट्रोलनं पुसून बसवलेत, हँडलनं इंजिन फिरवून पुलीची खूण जुळवलीत, डिस्ट्रिब्युटर केसभर फिरवत नेलात आणि पॉइंट उघडून टेस्ट लॅम्प पेटला तिथं आवळलात. घाट तिसऱ्या गिअरवर चढलो, काका. माझा विश्वासच बसेना.

परवा पुन्हा मीटर लावला, आता ६२ दाखवतोय. कॅमवर टेकणारी पॉइंटची टाच घासून गॅप थोडी मिटली असणार. कॅमला ग्रीस तुम्ही सांगितलंत तसं तिळाएवढंच लावलंय.

माझं फिलर गेज तुमच्या बाकावरच राहिलंय. पुढच्या महिन्यात साताऱ्याला येतोय, तेव्हा घेऊन जाईन.

तुमचा,
ॲम्बेसेडरवाला