प्रजासत्ताक दिनाच्या दिल्ली दर्शनाबाबत तक्रार

पुणे, दि. १२ फेब्रुवारी २०२४

प्रति,
मा. व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग,
डेक्कन कार्यालय, पुणे

विषय : २६ जानेवारी २०२४ रोजीच्या ‘प्रजासत्ताक दिन विशेष’ दिल्ली दर्शनातील सेवेची त्रुटी आणि जादा आकारलेली रक्कम परत मिळण्याबाबत.

महोदय,

मी आणि माझी पत्नी आपल्या दिल्ली-आग्रा सहलीत सहभागी होतो. सहलीच्या मूळ रकमेव्यतिरिक्त २६ जानेवारीच्या एका दिवसासाठी आपण माणशी ४,५०० रुपये, म्हणजे आम्हा दोघांचे ९,००० रुपये वेगळे घेतले. त्या बदल्यात कर्तव्य पथावर राखीव आसनावरून संचलन, दुपारी लाल किल्ला आणि संध्याकाळी इंडिया गेट व राष्ट्रीय युद्ध स्मारक दाखवण्याचे आपल्या माहितीपत्रकात छापलेले आहे. यांपैकी काय मिळाले, ते क्रमाने लिहितो.

पहाटे साडेपाचला आम्हाला बसमध्ये बसवले आणि बस सुटल्यावर काळोखातच तिकिटे हातात दिली. उजाडल्यावर पाहिले, तर त्यांवर २० रुपये ही किंमत छापलेली होती आणि आसन राखीव असल्याचा कुठेही उल्लेख नव्हता. वीस रुपयांच्या तिकिटाला कमीपणा आणण्याचा माझा हेतू नाही, देशभरातून आलेली माणसे त्याच तिकिटावर आनंदाने बसतात. परंतु त्यांच्याकडून कोणी साडेचार हजार घेतलेले नसतात.

खरी अडचण पुढेच झाली. रस्ते बंद असल्याने बस मंडी हाऊसच्या अलीकडे थांबली आणि तिथून आम्ही चालत निघालो. तपासणीच्या ठिकाणी आमची पिशवी अडवण्यात आली. तिच्यात पॉवर बँक, छत्री, माझी औषधे आणि संक्रांतीच्या उरलेल्या गुळपोळ्यांचा डबा होता. संचलनाला पिशव्या आणि अशा वस्तू नेता येत नाहीत, ही सूचना दरवर्षी जाहीर होते. आपल्या सहल व्यवस्थापकांनी ती आदल्या रात्री जेवणाच्या टेबलावर एका वाक्यात सांगितली असती, तरी पिशवी हॉटेलच्या खोलीत राहिली असती. ते स्वतः तोवर दुसऱ्या गटाबरोबर पुढे गेले होते, बस लांब जाऊन उभी राहिली होती आणि चालक फोन उचलत नव्हते. औषधे रस्त्यावर टाकून जाणे शक्य नसल्याने अखेर पत्नी एकटी आत गेली आणि मी पिशवी घेऊन कोपर्निकस मार्गाच्या बाजूला एका झाडाखाली उभा राहिलो.

राष्ट्रगीताच्या वेळची एकवीस तोफांची सलामी मी तिथूनच ऐकली. एक-एक धमाका मोजत होतो, कारण करण्यासारखे दुसरे काही नव्हते. शिवराज्याभिषेकाचे ३५० वे वर्ष असल्याने महाराष्ट्राचा चित्ररथ यंदा शिवछत्रपतींवर होता आणि खरे सांगायचे तर आम्ही एवढे पैसे भरले ते त्या एका चित्ररथासाठी. तो पत्नीने गर्दीतून, टाचा उंचावून, एकटीने पाहिला. बाहेर आल्यावर तिने मला त्याचे वर्णन केले आणि मग आम्ही पदपथावर उभ्यानेच गुळपोळ्या खाल्ल्या. चाळीस वर्षांच्या संसारात जोडीने पाहायचे म्हणून ठरवलेल्या मोजक्या गोष्टींपैकी ही एक होती, एवढेच नमूद करतो.

त्यानंतरचा लाल किल्ला. संचलन विजय चौकातून निघते, कर्तव्य पथ आणि टिळक मार्गावरून पुढे जाते आणि लाल किल्ल्याशी संपते, हा मार्ग वर्तमानपत्रांत आधीच छापून येतो. म्हणजे ज्या संचलनाला आपण आम्हाला सकाळी नेले, तेच दुपारी ज्या किल्ल्यावर पोहोचते, तो किल्ला त्याच दिवशी आत जाऊन पाहता येईल असे आपण कशाच्या आधारे छापले? प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास सुरक्षेसाठी तो पर्यटकांना बंद ठेवतात. अनंत चतुर्दशीला एखाद्या पाहुण्याला ‘दुपारी लक्ष्मी रोडवर खरेदी, नंतर बसने अलका चौक’ असा कार्यक्रम विकणाऱ्याला पुण्यात काय म्हणतील, ते आपणास ठाऊक आहे.

किल्ल्याऐवजी आम्हाला एका हस्तकला दालनात नेले, जिथे पावणेदोन तास गालिचे आणि शाली उलगडून दाखवण्यात आल्या. त्यानंतर कुतुब मिनारला पस्तीस मिनिटे मिळाली आणि प्रवेशाचे पैसे आम्हीच भरले. इंडिया गेट बसच्या काचेतून दिसले. युद्ध स्मारकाचा उल्लेखही पुन्हा झाला नाही.

याबाबत ३० जानेवारीला दूरध्वनी केला असता, ‘सरकारी निर्बंध आमच्या हातात नसतात’ असे उत्तर मिळाले आणि अपरिहार्य कारणास्तव कार्यक्रमात बदल होऊ शकतो या अटीकडे बोट दाखवण्यात आले. निर्बंध आपल्या हातात नसतात हे मान्य आहे, आणि त्यांबद्दल माझी तक्रारही नाही. सुरक्षा यंत्रणेने आपले काम चोख केले. ज्या हवालदाराने पिशवी अडवली त्यानेच मला सावलीची जागा दाखवली. अपरिहार्य म्हणजे आयत्या वेळी उद्भवलेले. २६ जानेवारी आयत्या वेळी उद्भवत नाही. शिवाय ताजमहाल शुक्रवारी बंद असतो हे लक्षात घेऊन आपण आग्रा शुक्रवार टाळून शनिवारी ठेवले होते, आणि तो दिवस उत्तम पार पडला. म्हणजे कोणते ठिकाण कधी बंद असते हे पाहण्याची पद्धत आपल्याकडे आहे. ज्या दिवसाचे वेगळे पैसे घेतले, नेमक्या त्याच दिवशी ती वापरली गेली नाही.

तरी माझी मागणी अशी की, या दिवसासाठी घेतलेल्या ९,००० रुपयांतून दोन तिकिटांचे ४० रुपये वजा करून उरलेले ८,९६० रुपये हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत माझ्या बँक खात्यात जमा करावेत. त्याऐवजी पुढील सहलीत सवलतीचे कूपन देण्याचा प्रस्ताव दूरध्वनीवर झाला होता, तो मला मान्य नाही. तसेच पुढील वर्षीच्या माहितीपत्रकातून त्या दिवशीचा लाल किल्ला काढावा आणि काय सोबत नेऊ नये याची मराठीत छापील सूचना प्रत्येक प्रवाशाला आदल्या दिवशी द्यावी.

मुदतीत पैसे न मिळाल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये पुणे जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागण्याचा माझा विचार आहे. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तिथे शुल्क लागत नाही आणि ग्राहकाला आपल्या राहत्या जिल्ह्यात तक्रार करता येते, त्यामुळे दिल्लीतील कार्यालयाकडे बोट दाखवण्याचा उपयोग होणार नाही.

पैसे भरल्याची पावती, माहितीपत्रकाचे संबंधित पान, दोन्ही तिकिटे आणि कुतुब मिनारच्या प्रवेशाची पावती यांच्या छायाप्रती सोबत जोडल्या आहेत. उत्तर लेखी द्यावे, कारण दूरध्वनीवर झालेले बोलणे आपल्या कार्यालयात दुसऱ्या दिवशी कोणाला आठवत नाही, असा अनुभव याच पंधरवड्यात दोनदा आला.

आपला,
(सही)
कोथरूड, पुणे