प्लग-इन गाडीचे अ‍ॅव्हरेज एका आकड्यात छापू नका

महोदय,

वाहनविषयक पानांवर प्लग-इन हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि घरी चार्ज होणारी बॅटरी दोन्ही असलेल्या गाडीची ओळख करून देताना 'अ‍ॅव्हरेज लिटरला 60 किमी' असा एकच आकडा ठळकपणे छापला जातो. आकडा खोटा नसतो, पण त्यावरून गाडी घेणाऱ्याला काहीच कळत नाही. या गाड्या आपल्याकडे अजून मोजक्याच आहेत. चौकशी मात्र वाढते आहे, म्हणून आताच लिहितो.

आधी एक घोळ दूर करू. इनोव्हा हायक्रॉस किंवा ग्रँड विटाराच्या हायब्रिडला बाहेरून चार्जिंग नसते. तिची सगळी ऊर्जा शेवटी पेट्रोलमधूनच येते, त्यामुळे स्क्रीनवरचे अ‍ॅव्हरेज ढोबळमानाने खरे असते. प्लग-इनमध्ये घरच्या सॉकेटची वीजही भरलेली असते. स्क्रीन मात्र एकूण किलोमीटरला फक्त जळालेल्या पेट्रोलने भागते. विजेची युनिटे त्या भागाकारात कुठेच येत नाहीत.

समजा, गाडी चार्जवर 60 किमी जाते आणि बॅटरी उतरल्यावर पेट्रोलवर लिटरला 18 देते. जळगाव-भुसावळ जाऊन-येऊन साधारण 50 किमी. इंजिन सुरूच झाले नाही, तर स्क्रीन 99.9 हा तिचा कमाल आकडा दाखवील. जळगाव-धुळे जाऊन-येऊन 190 किमी धरले, तर 130 किमीला 7.2 लिटर लागले आणि स्क्रीनवर 26 आले. धुळ्यात थांबून पुन्हा पूर्ण चार्ज केली, तर तेच अंतर 49 वर जाते. पुण्याचा 400 किमीचा एकेरी प्रवास 21 वर येतो. गाडी, चालक, टायरमधली हवा सगळे तेच. बदलले ते दोन चार्जिंगमधले अंतर. म्हणजे हा आकडा गाडीपेक्षा मालकाच्या दिनक्रमाचा आहे.

प्रयोगशाळेतल्या चाचणीचीही तीच गत. किती टक्के अंतर विजेवर कापले जाईल, हे तिथे आधीच गृहीत धरलेले असते. युरोपीय आयोगाने मार्च 2024 मध्ये 2021 साली नोंदवलेल्या गाड्यांमधल्या मीटरची माहिती जाहीर केली. तीत प्लग-इन गाड्यांचे रस्त्यावरचे कार्बन उत्सर्जन चाचणीतल्या आकड्याच्या सरासरी साडेतीन पट निघाले. लोक गृहीत धरले तितके चार्जिंग करत नाहीत, हे त्यामागचे मुख्य कारण.

म्हणून दोन आकडे वेगवेगळे हवेत: विजेवर 100 किमीला किती युनिट, आणि बॅटरी उतरल्यावर लिटरला किती किलोमीटर. युनिट सॉकेटपाशी मोजावीत, गाडीच्या स्क्रीनवर नव्हे. चार्जरमध्ये आणि बॅटरीत दहा-पंधरा टक्के वीज उष्णता होऊन जाते. बॅटरीतून 13 युनिट खर्च झाली, तर घरच्या मीटरवर 15 पडतात. चार्जिंगच्या 16 अँपिअरच्या सॉकेटला स्वतंत्र सबमीटर लावला की वाद मिटतो. तिथे अर्थिंग पक्के हवे आणि वेगळा एमसीबी (जादा भार आला की वीज तोडणारा स्विच) हवा. एक्स्टेन्शन बोर्ड नको. तासन्‌तास भार राहिला की तो वितळू शकतो.

आता पैसे. हिशेबापुरते पेट्रोल 105 रुपये आणि युनिट 14 रुपये धरू. धुळ्याच्या फेरीत पेट्रोल 758 रुपयांचे, म्हणजे किमीला 4 रुपये. स्क्रीनवरून एवढेच समजते. त्यात एका पूर्ण चार्जच्या 15 युनिटांचे 210 रुपये मिळवले की किमीला 5.10 रुपये होतात. युनिटचा दर आपल्या बिलातल्या शेवटच्या स्लॅबचा घ्यावा आणि त्यात वहन आकार व 16 टक्के वीज शुल्क धरावे. रोज 15 युनिट म्हणजे महिन्याला 450. एवढ्याने घर 300 च्या आतल्या स्लॅबमधून थेट 500 च्या वर जाऊ शकते.

पेट्रोलचे अ‍ॅव्हरेज टाकी ते टाकी काढावे. त्याच पंपावर, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईपर्यंतच भरावे. वरून 'राउंड फिगर' करू देऊ नये. बऱ्याच प्लग-इन गाड्यांची टाकी दाबबंद असते. झाकणाचे बटण दाबून दाब सुटेपर्यंत थांबावे लागते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सुरुवातीला आणि शेवटी बॅटरीची टक्केवारी सारखीच हवी. गाडी 'चार्ज' मोडमध्ये असेल, तर इंजिन पेट्रोल जाळून बॅटरी भरते. मग पुढचे किलोमीटर फुकटचे वाटतात, पण त्यांचे पेट्रोल आधीच जळालेले असते.

दोन फेऱ्यांच्या अ‍ॅव्हरेजची सरासरी काढणे हीसुद्धा नेहमीची चूक. एका 100 किमीला 40 आणि दुसऱ्या 100 किमीला 16 आले, तर उत्तर 28 नव्हे. लिटर मिळवा: 2.5 अधिक 6.25, म्हणजे 8.75. दोनशे किमीला भागा, 22.9 येते.

खान्देशात दोन गोष्टी जास्तीच्या मोजाव्या लागतात. एक ऊन. मे महिन्यात पारा 44-45 वर असताना एसी आणि बॅटरीचे कूलिंग मिळून तासाला एक-दीड युनिट सहज खातात. हायवेला ताशी 80 ने 100 किमी सव्वा तासात संपतात. शहरात ताशी 25 ने तेवढ्याच अंतराला चार तास, म्हणजे चार ते सहा युनिट नुसत्या गारव्याला. केबल लावलेली असतानाच गाडी गार करून घेतली, तर बॅटरी वाचते. सबमीटरवर ती युनिट तरीही पडतात.

दुसरा घाट. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना जोर लागला की बॅटरी भरलेली असूनही इंजिन सुरू होते आणि स्क्रीनवरचा आकडा एक अंकी होतो. उतरताना ब्रेकची ऊर्जा बॅटरीत परत जाते आणि आकडा 99.9 वर जाऊन बसतो. या दोन्हींपैकी कोणताही मोबाइलवर टिपून गटात पाठवण्यात अर्थ नाही. जाणे-येणे मिळून मोजावे.

परीक्षणासाठी गाडी हाती आली की आपल्या प्रतिनिधीने ती एकदा पूर्ण चार्ज करून आणि एकदा बॅटरी उतरवून चालवावी, आणि दोन्ही आकडे बॅटरीवरच्या अंतरासह छापावेत, ही विनंती. परदेशी परीक्षणातून '100 किमीला 1.5 लिटर' उचलून त्याचे लिटरला 67 किमी करू नये. मालक रोज चार्ज करील, हे त्यात गृहीत असते. ज्याच्या घरी पार्किंगमध्ये सॉकेटच नाही, त्याच्यासाठी खरा आकडा वरच्या उदाहरणातल्या 18 चाच आहे, आणि ते परीक्षणात स्पष्ट लिहिलेले असावे.

आपला,
एक वाचक, जळगाव