रंगवलेली गाडी आणि राखलेली गाडी

महोदय,

जुन्या गाड्यांच्या रॅलीचा फोटो आपल्या सोमवारच्या अंकात पाहिला. खाली ओळ होती : 'चकचकीत रूपात जतन केलेल्या ब्रिटिश स्पोर्ट्‌स कारला पहिला क्रमांक.' ती लाल गाडी मी मैदानावर जवळून पाहिली आहे. मालकाला बॉनेट उघडायला लावलं, तर आत आजकालच्या गाडीचं इंजिन! त्याचा पैसा, त्याची हौस, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण 'जतन' हा शब्द छापला गेला, म्हणून लिहायला बसलो.

मी मोटार मेकॅनिक. १९७२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, नागपुरात सदरमधल्या एका गॅरेजात पाने धुवायला लागलो. आता गुडघ्यांनी संप पुकारला आहे, त्यामुळे एकच गाडी बघतो. सिव्हिल लाइन्समधल्या एका डॉक्टरांची १९५७ची एमजीए, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची दोन सीटांची उघडी स्पोर्ट्स कार. ती मँगनीजच्या खाणींवरच्या एका इंग्रज साहेबाची होती. १९६२ साली मॉयल ही सरकारी मँगनीज कंपनी स्थापन झाली, त्या सुमारास साहेब विलायतेला परतला आणि गाडी डॉक्टरांच्या वडिलांनी घेतली. तिला दुसरा रंग लागलेला नाही. कंपनीच्या भाषेत तो 'ओल्ड इंग्लिश व्हाइट', आमच्या भाषेत दुधाच्या सायीचा.

ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डनला १९५५ ते १९६२ या काळात एक लाखाच्या वर एमजीए बनल्या आणि बहुतेक अमेरिकेला गेल्या. आपल्याकडे आल्या त्या अशाच कुणा साहेबाच्या हौसेपोटी. मला तिचं कौतुक वेगळ्याच कारणानं. तिचं १४८९ सीसीचं इंजिन म्हणजे आपल्या अँबेसेडरच्या घराण्यातलं. इंजिनाला हवा आणि पेट्रोल मिसळून देणारा एसयू कंपनीचा कार्बोरेटर अँबेसेडरला एक, हिला दोन. ज्या इंजिनानं आमचे आमदार आणि वऱ्हाडी वाहिले, तेच इथे दोन नाकांनी श्वास घेतं आणि पळतं. पहिल्यांदा इंजिनाच्या डोक्यावरचं टॅपेट झाकण काढलं तेव्हा वाटलं, अरे, ही तर आपलीच!

किल्ली फिरवली की सीटच्या मागून पेट्रोल पंपाची टक्-टक् सुरू होते. आधी भराभर, मग कार्बोरेटरच्या वाट्या भरत आल्या की सावकाश, मग गप्प. गप्प झाली की चोक ओढायचा आणि स्टार्टरचं बटणही ओढायचंच, दाबायचं नाही. टक्-टक् थांबलीच नाही तर समजायचं, कुठेतरी पेट्रोल गळतंय किंवा टाकी रिकामी आहे. डॅशबोर्डवर दिवा लागण्यापेक्षा मला हे बरं वाटतं. पहिल्या गिअरला सिंक्रो, म्हणजे गिअरचा वेग आपोआप जुळवणारी कडी नाही, त्यामुळे चालत्या गाडीत तो टाकताना डबल क्लच मारावा लागतो, म्हणजे क्लच दोनदा दाबायचा. नव्या पोरांना हे शिकवायला गेलं तर ती मोबाईल काढून व्हिडिओ करतात.

काही वर्षांपूर्वी मुंबईहून एक गिऱ्हाईक आलं. हातात लोहचुंबक, पत्र्याखाली पुट्टी भरली आहे का ते बघायला. मडगार्डवर चिकटलं, खूश. दारावर लावलं, पडलं. बॉनेटवर पडलं, डिकीवरही पडलं. 'अहो, ही तर सगळी पुट्टीच आहे!' म्हणाले. मी म्हटलं, 'साहेब, ते ॲल्युमिनियम आहे, कंपनीतूनच तसं आलंय.' डॉक्टर हसत सुटले. गाडी तशीही विकायची नव्हती.

तिच्या दाराला बाहेरून हँडल नाही. आत हात घालून दोरी ओढावी लागते. डाव्या दाराच्या आतल्या बाजूला, दोरीच्या आसपास, बारीक उभ्या रेघा आहेत, पन्नासेक असतील. त्या डॉक्टरांच्या आईच्या बांगड्यांच्या. तेलंगखेडीला फिरायला जाताना त्या डावीकडे बसायच्या. मागे एका पेंटरनं दोन दिवसांत 'सगळं नवं' करून देतो म्हणून सांगितलं होतं. त्याला चहा पाजून परत पाठवलं.

आता कुणी म्हणेल, तुम्हीही तर जुन्या अँबेसेडरचं सामान वापरता. वापरतो. पॅकिंग, होज, प्लग झिजायलाच असतात. शिवाय हल्लीच्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनं जुनं रबर फुगतं, म्हणून सगळे होज बदलून टाकले. मे महिन्यात तर कार्बोरेटर एक्झॉस्टच्या डोक्यावरच असल्यानं वाटीतलं पेट्रोल उकळतं आणि गाडी व्हेरायटी चौकात हटून बसते. तेव्हा उन्हाळ्यात पहाटे पाचला काढायची, सातच्या आत घरी. पण इंजिन, पत्रा, चामडं, तारेची चाकं ॲबिंग्डनचीच.

केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांतही विंटेज गाडी म्हणजे ५० वर्षांवरची, मूळ रूपात राखलेली, मोठे फेरबदल न झालेली, असंच म्हटलं आहे. रॅलीवाल्यांनी ते वाचावं. परीक्षकांनी आधी बॉनेट उघडायला लावावं, एमजीए असेल तर सीटमागच्या सहा-सहा व्होल्टच्या दोन्ही बॅटऱ्या जागेवर आहेत का बघावं आणि रंगाकडे सगळ्यात शेवटी. रंगवलेल्या गाड्यांना हवं तर वेगळं बक्षीस द्या, मोठं द्या. फक्त फोटोखाली 'नव्याने रंगवलेली' असं लिहा.

डिसेंबरात पुन्हा रॅली आहे म्हणतात. आम्ही येऊ. गाडी धुऊन आणू, पॉलिश मारणार नाही. आपल्या छायाचित्रकारानं डावं दार उघडून बघावं.

— एक जुना मेकॅनिक, गोळीबार चौक, नागपूर